वहिनी बेपत्ता आहे आणि दादा म्हणतोय, चॅट डिलीट कर

पत्र थोडक्यात (नावं, गावं आणि ओळख पटेल असं सगळं काढलंय):

मी ३१ वर्षांची, लग्नानंतर दुसऱ्या शहरात राहते. माहेरी आई, मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांचा ४ वर्षांचा मुलगा. दादा-वहिनीच्या लग्नाला ६ वर्षं झाली. नऊ दिवसांपूर्वी रात्री दोघांचं भांडण झालं आणि वहिनी घरातून निघून गेली असं दादा सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याने पोलिसांत मिसिंग दिली. तिचा फोन बंद आहे, फक्त तिसऱ्या दिवशी तिच्या नंबरवरून मला मेसेज आला, "मी ठीक आहे, मला शोधू नका." वहिनी कधीच टाइप करत नाही, नेहमी व्हॉइस नोट पाठवते. दादा तिला मारायचा हे मला माहीत होतं. मागच्या वर्षी तिने दंडावरच्या वळांचा फोटो पाठवला होता, आणि दोन महिन्यांपूर्वी एक व्हॉइस नोट, "ताई, मला काही झालं तर पिल्लूकडे तुम्ही बघा." परवा दादाचा फोन आला, तिने तुला काय काय पाठवलंय विचारलं आणि म्हणाला डिलीट कर, उगाच पोलिस तुलाही फिरवतील. आई म्हणते तू तोंड उघडलंस तर तुझं माहेर संपलं. वहिनीच्या माहेरी फक्त तिची आई, गावाकडे एकटी, तिला काही सुधरत नाहीये. दादा तापट आहे पण त्याच्या हातून काही भलतंच होईल हे मन मानत नाही. आणि वहिनी पिल्लूला टाकून जाणारी नाही. माझ्याकडे पुरावा असा काहीच नाही. काय करू?

ताई,

आधी एकच, काही डिलीट करू नका. वहिनीचं चॅट, फोटो, व्हॉइस नोट, तिसऱ्या दिवशीचा तो मेसेज, दादाच्या कॉलची हिस्टरी, सगळं आहे तसं त्याच फोनमध्ये राहू द्या. फोन बदलायचा विचार असेल तर आता नको, रीसेट तर अजिबात नको. स्क्रीनशॉट काढून स्वतःला ईमेल करा, तुमचा विश्वास असलेल्या एखाद्या माणसाकडे कॉपी ठेवा, पण कोर्टात खरी किंमत मूळ फोनमधल्या मूळ गोष्टीला असते, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना तो कुठल्या डिव्हाइसमधून आला याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि फिरत फिरत आलेल्या फॉरवर्डचं असं प्रमाणपत्र कोण देणार. आणि हेही स्पष्ट सांगते, पुढे पुरावा म्हणून लागू शकतं हे माहीत असताना ते लागू नये म्हणून चॅट पुसणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दादा तुम्हाला पोलिसांच्या त्रासापासून वाचवायला सांगतोय असं तुम्हाला वाटत असेल, कदाचित त्यालाही मनापासून तसंच वाटत असेल, पण त्याचं ऐकलंत तर अडचणीत तुम्ही याल.

परवाचा तो फोन किती वाजता आला, तो नेमकं काय म्हणाला, तुम्ही काय उत्तर दिलं, हे आजच एका कागदावर लिहून खाली तारीख टाका. आठवण फार लवकर मऊ पडते, विशेषतः जवळच्या माणसाबद्दलची.

आता तुमच्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ, माझ्याकडे पुरावा असा काहीच नाही. ताई, वळांचा फोटो आहे, "मला काही झालं तर" असं तिच्या स्वतःच्या आवाजात आहे, ती टाइप करत नाही ही तिची सवय तुम्हाला माहीत आहे आणि तरी टाइप केलेला मेसेज आला, आणि भावाने डिलीट करायला सांगितलंय. याने खून सिद्ध होत नाही, बरोबर, काहीच सिद्ध होत नाही. पण सिद्ध करा असं तुम्हाला कोण म्हणतंय? तुमच्याकडे माहिती आहे आणि ती तपास करणाऱ्या माणसाकडे नाहीये, एवढाच सध्याचा प्रश्न आहे.

आणि ती माहिती का नाहीये त्याच्याकडे, हे बघा. मिसिंग द्यायला जो जातो त्याने जे सांगितलं ते पोलिस ठाण्यात लिहून घेतात. बेपत्ता व्यक्तींची जी निवेदनं पेपरात बारीक अक्षरात येतात ती कधी वाचलीत का, अंगाने सडपातळ, रंग गव्हाळ, नेसणीस अमुक रंगाची साडी, आणि त्याच्या वर "किरकोळ घरगुती वादातून रागाच्या भरात कोणास काही एक न सांगता निघून गेली". ही ओळ मी इतक्या निवेदनांत वाचलीये की ती फॉर्मवर आधीच छापलेली असावी असं वाटतं. तुमच्या वहिनीच्या मिसिंगमध्ये नेमकं काय लिहिलंय मला माहीत नाही, पण ती दादाने दिलीये, म्हणजे त्यात मारहाण असण्याची शक्यता कमीच. मग तपास करणारा हवालदार कसला शोध घेणार? रागावून गेलेल्या बाईचा. स्टँडवर फोटो दाखवणार, नातेवाइकांना फोन लावणार, चार दिवसांनी दादालाच विचारणार की काही कळलं का हो. घरातून शोध सुरू करावा असं त्याला कशावरून वाटावं, त्याच्या कागदावर तसं काही नाहीच. वहिनीची बाजू आत्ता फक्त तुमच्या फोनमध्ये आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्याच मिसिंगमध्ये तुमचा जबाब नोंदवणं. दादाने ज्या ठाण्यात मिसिंग दिली तिथे फोन करून मिसिंग रजिस्टरचा नंबर आणि तपासी अंमलदाराचं नाव विचारा. नाही सांगितलं तरी बिघडत नाही, वहिनीचं नाव आणि तारीख घालून लेखी अर्ज करा, ठाणे प्रमुखांच्या नावाने, आणि प्रत पोलिस अधीक्षकांना, शहर असेल तर पोलिस आयुक्तालयात त्या भागाच्या डीसीपींना. ईमेल करा आणि रजिस्टर पोस्टानेही पाठवा, किंवा हातात दिलात तर आपल्या कॉपीवर आवक शिक्का मारून घ्या. तुम्ही दुसऱ्या शहरात आहात म्हणून अडू नका, साक्षीदार बाईला जबाबासाठी ती राहते त्या जागेशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही असा नियम आहे (आधी फौजदारी प्रक्रिया संहिता म्हणजे सीआरपीसीचं कलम १६० होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएसचं १७९), त्यामुळे मी माझ्या घरी जबाब द्यायला तयार आहे असं अर्जातच लिहा. पोलिस तुलाही फिरवतील ही दादाची भीती इथेच बरीचशी संपते.

अर्जात दादाने काय केलं असेल याचा तुमचा अंदाज लिहू नका. तुम्ही काय पाहिलं, काय ऐकलं, तुम्हाला काय आलं, तेवढंच, तारखांसकट. तारीख आठवत नसेल तर "साधारण दिवाळीच्या आधी" असं लिहा, खोटी अचूकता नको, उलटतपासणीत तिथेच पकडतात. तिला चष्मा आहे का, रोजची गोळी चालू आहे का, तिचं आधार कार्ड आणि दागिने सहसा कुठे असायचे, तिची सगळ्यात जवळची मैत्रीण कोण, पैसे कुठल्या खात्यात असायचे, हेही. या वस्तू घरात आहेत की तिच्याबरोबर गेल्या हे पोलिसांनी बघायचं, तुम्ही जाऊन कपाट उघडायचं नाही. तिथे जाऊन एकही वस्तू हलवू नका, आवराआवर करायला आईला मदत म्हणूनसुद्धा नाही.

आणि स्पष्ट मागण्या लिहा, कारण "योग्य ती कारवाई करावी" या वाक्याने काहीच होत नाही. तिच्या फोनचा सीडीआर, म्हणजे कॉल रेकॉर्ड, आणि टॉवर लोकेशन तपासा, विशेषतः तो मेसेज गेला त्या वेळचं. फोनमध्ये सिम तेच होतं का, की व्हॉट्सअॅप दुसऱ्या कुठल्या डिव्हाइसवर चालू होतं. बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार बघा. आणि घराच्या, गल्लीच्या, जवळच्या दुकानांच्या, रिक्षा स्टँडच्या सीसीटीव्हीचं त्या रात्रीचं फुटेज ताबडतोब ताब्यात घ्या, हे अधोरेखित करून लिहा. मोबाइल कंपन्यांना कॉल रेकॉर्ड दोन वर्षं ठेवावे लागतात, ते कुठे पळत नाहीत, पण सीसीटीव्हीवर नवीन रेकॉर्डिंग चढत जातं, कित्येक ठिकाणी पंधरा दिवसांतच, आणि तुमचे नऊ गेलेत.

बाय द वे, चोवीस तास झाल्याशिवाय मिसिंग घेत नाही असं अजूनही लोकांना सांगितलं जातं. तसा कुठलाही कायदा नाही. हे तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.

आता तो मेसेज. त्यामुळे तुम्ही थोड्या थांबलात असं पत्रावरून वाटलं, म्हणजे मेसेज आलाय तर ती कुठेतरी आहे आणि ठीक आहे, आणि शोधू नका म्हणतेय तर आपण कशाला. असू शकतं. पण मेसेज तिच्या फोनवरून आला एवढंच आपल्याला माहीत आहे, पाठवणारं बोट कुणाचं ते माहीत नाही. वसई-नालासोपारा भागातल्या त्या मुलीची केस तुम्हाला आठवत असेल, २०२२ मध्ये सगळीकडे तीच बातमी होती. तिने नोव्हेंबर २०२० मध्येच जोडीदाराविरुद्ध मारहाणीची आणि जिवाच्या धमकीची लेखी तक्रार पोलिसांत दिली होती, नंतर आता वाद नाही म्हणून लिहून दिलं, आणि विषय बंद झाला. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला हे बाहेर यायला नोव्हेंबर उजाडला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे मधल्या काळात तिचं सोशल मीडिया अकाउंट आरोपीच चालवत होता, ती जिवंत आहे असं वाटावं म्हणून, आणि ती २२ मेलाच भांडून निघून गेली असं त्याने सांगितल्यावर त्यानंतरच्या दिवसांत तिच्या खात्यातून झालेले व्यवहार आणि त्यांचं लोकेशन त्याच्या सांगण्याशी जुळेना. आरोप आहेत, निकाल कोर्ट देईल. मी उदाहरण घेतलं ते वेगळ्या कारणासाठी. फोन बरेच दिवस बंद लागतोय हे एका मित्राला खटकलं आणि त्याने तिच्या भावाला कळवलं, तिथून सगळं हललं. त्या मित्राकडेही पुरावा नव्हताच, फक्त हे तिच्यासारखं नाही एवढं त्याला कळत होतं.

तुम्हालाही तेच कळलंय की, टाइप केलेला मेसेज बघून.

पण ताई, तुमच्या दुसऱ्या एका खात्रीबद्दल मला जरा थांबवायचंय तुम्हाला. वहिनी पिल्लूला टाकून जाणारी नाही. हे वाक्य प्रेमाने लिहिलंय, मला दिसतंय, पण त्याच्यावर सगळं उभं करू नका. मुलाला सोडून बायका निघतात. मध्यरात्री, जीव वाचवताना, मूल सासूच्या कुशीत झोपलेलं असताना, किंवा मुलाला हात लावलास तर बघ अशी धमकी असताना निघतात, आणि आधी आपण उभं राहू मग कोर्टातून ताबा घेऊ असं ठरवूनही निघतात. तिला "आई असून अशी कशी" म्हणणारे गावभर भेटतील, निदान तुमच्या अर्जात तरी तसं काही नको. उलट बाजूने, दादाच्या हातून असं होणार नाही हेही तुम्ही प्रेमानेच म्हणताय. त्याने हात उचललाय हे तुम्हाला माहीत आहे आणि कुठे थांबतो तेही माहीत आहे असं तुम्ही धरून चाललाय. कशावरून? तो तुमच्यासमोर दादा आहे, तिच्यासमोर नवरा, आणि ती दोन माणसं सारखी असतीलच असं नाही.

शिवाय शक्यता दोनच नाहीत. तिने स्वतःला काही केलं असेल, तिला कुठे अपघात झाला असेल, घरातून बाहेर पडल्यावर तिसऱ्याच कुणी काही केलं असेल, तिला कुठे डांबून ठेवलं असेल, किंवा ती खरंच एखाद्या मैत्रिणीकडे दार लावून बसली असेल. यातल्या प्रत्येक शक्यतेत पोलिसांना मारहाणीचा इतिहास कळणं उपयोगाचं आहे. दादा निर्दोष असेल तर वहिनी सापडणं हीच त्याची सुटका, आणि ती तुमच्या माहितीने लवकर सापडेल. तो निर्दोष नसेल तर, मग तुम्ही गप्प राहून नक्की काय वाचवताय ते स्वतःला विचारा.

दादाला लगेच उचलून आत टाकतील ही भीती तुम्ही लिहिली नाहीये पण ती आहे, प्रत्येक ओळीखाली आहे. नवऱ्याने केलेल्या क्रूरतेचं जे कलम आहे, पूर्वीचं ४९८-अ आणि आता भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) ८५, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर अशा गुन्ह्यात आपोआप अटक करता येत नाही, आधी नोटीस देऊन चौकशीला बोलावतात, अटक हवीच असेल तर कारणं लिहावी लागतात. म्हणजे तुमच्या एका जबाबाने भाऊ तुरुंगात असं होत नाही. अपहरण, खून असं काही तपासात निघालं तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा त्याला तुरुंगात तुमचा जबाब नेत नसेल. आणि एक गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, पण कायदा लिहिणाऱ्यांनी हे कलम दखलपात्र व्हायला, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता यायला, माहिती कोणी द्यावी ते ठरवून दिलंय, ती स्वतः किंवा तिचे रक्ताचे, लग्नाचे, दत्तक नात्याचे लोक. लग्नाने झालेलं नातं म्हणजे त्यात नणंद आली. घरचं घरात ठेव असं आई म्हणते, कायद्याने मात्र तुम्हालाच बोलायचा हक्क दिलाय.

पोलिसांनी दाद दिली नाही तर? होऊ शकतं, "तुमच्या घरातलंच आहे, मिटवा" हे ऐकावं लागेल कदाचित. गुन्ह्याची माहिती घ्यायला ठाण्याने नकार दिला तर ती लेखी स्वरूपात पोलिस अधीक्षकांना (एसपी) पाठवता येते, तिथेही काही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज (बीएनएसएस १७३ आणि १७५). गुन्हा कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर म्हणून नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यायलाच हवी हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी २०१३ मध्ये ललिता कुमारी केसमध्ये सांगितलं, आणि ती केस सुरू झाली होती एका बेपत्ता मुलीच्या वडिलांची तक्रार पोलिस घेत नव्हते म्हणून. नवरा-बायकोच्या वादात थोडी प्राथमिक चौकशी करायची मुभा त्याच निकालात आहे, पण तिलाही मुदत आहे, बसून राहायची मुभा नाही. तिला कुठे डांबलंय अशी ठोस शंका असेल तर मॅजिस्ट्रेट शोध वॉरंट काढू शकतात, आणि हायकोर्टात हेबिअस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी याचिका, करता येते, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. पण नुसती बेपत्ता आहे एवढ्यावर हेबिअस टिकत नाही, कुणाच्या तरी बेकायदा ताब्यात आहे असं दाखवणारं काहीतरी लागतं, म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय धावू नका. वकिलाचे पैसे हा मुद्दा असेल तर प्रत्येक जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. वहिनीच्या आईला तिथे घेऊन जाता आलं तर फार बरं. तिला काही सुधरत नाहीये असं तुम्ही लिहिलंय, साहजिक आहे, तिच्या लेकीची बातमी तिला फक्त लेकीच्या सासरहून मिळतेय. तिला फोन करा. तिचाही जबाब मिसिंगमध्ये जाऊ द्या, तुमच्या जबाबानंतर काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो हे दोघींनीही लक्षात ठेवा.

आणि जबाब बीएनएसएस १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोर व्हावा अशी विनंती करा. पोलिसांपुढच्या जबाबावर तुमची सही नसते, उद्या घरातून दबाव वाढला, आईने जेवण सोडलं, मामा-काका बसले की तुमचे शब्द हळूहळू गुळगुळीत व्हायला लागतील. मॅजिस्ट्रेटसमोर एकदा सांगून झालं की तो मुद्दा निघून जातो, आणि घरच्यांनाही कळतं की आता हिला धरून उपयोग नाही.

दादाशी मात्र यातलं काही बोलू नका. सरळ विचारून बघते, तो मला खोटं नाही सांगणार, असा मोह होईल. नको. त्याने काही केलं असेल तर तुम्ही त्याला सावध कराल, आणि काही केलं नसेल तर आत्ता भांडण होऊन पिल्लूचा दरवाजा तुम्हाला बंद होईल. फोन आला तर "मी अजून काही बघितलंच नाही रे, पिल्लू कसा आहे, जेवतो का नीट" एवढंच. धमकीची भाषा झाली तर ११२.

पिल्लूबद्दल तुम्ही पत्रात प्रश्न विचारला नाहीये, पण व्हॉइस नोटमध्ये तिने तुम्हाला तेवढं एकच मागितलंय. तो त्या रात्री घरात होता. त्याला काही दिसलं असेल, ऐकू आलं असेल, आणि चार वर्षांचं मूल कुणी काय विचारतंय त्यावर उत्तर बदलतं, आई कुठे गेली रे, बाबाने काय केलं रे असं प्रत्येक पाहुण्याने विचारलं की त्याला खरं काय ते त्याचं त्यालाच उरत नाही. म्हणून तुम्ही काही विचारू नका, फोनवर रेकॉर्डिंग तर मुळीच नको. तो आपणहून काही बोलला तर ऐका आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. घरात मुलगा होता आणि त्याच्याशी प्रशिक्षित माणसाने बोलावं ही मागणी अर्जात घाला. तो तिथे सुरक्षित नाही असं वाटलं तर चाइल्डलाइन १०९८ किंवा जिल्ह्याची बालकल्याण समिती. काही दिवस मी त्याला घेऊन जाते असं आईला सहज म्हणून बघा, आईला आत्ता ते हवंही असेल.

यात एक मोठा पण आहे आणि तो सगळ्यांसाठी लिहितेय. मिसिंग देणारा नवरा नेहमी काळजीनेच देतो असं नाही. मारहाणीतून पळालेली बायको शोधून द्यायला पोलिसांचाच वापर करणारे नवरे आहेत. सज्ञान बाई सापडली तर पोलिस तिचा जबाब घेतात, ती म्हणाली मी माझ्या मर्जीने राहतेय आणि मला पत्ता द्यायचा नाही, तर तो पत्ता नवऱ्याला काय आणि नणंदेला काय, कुणालाच द्यायचा नसतो, मिसिंग तेवढी बंद होते. म्हणून तुमच्या अर्जातही एक वाक्य घाला, ती सुखरूप सापडल्यास तिचा ठावठिकाणा तिच्या संमतीशिवाय सासरी किंवा मला कळवू नये. मला सुद्धा, हे मुद्दाम लिहा. सखी वन स्टॉप सेंटर, शक्ती सदन ही बायकांसाठीची सरकारी मदत आणि निवारा केंद्रं, संस्थांचे निवारे, इथे तुम्ही स्वतः फोन केलात तर "अशी बाई इथे आहे की नाही सांगता येणार नाही" असंच उत्तर मिळेल आणि ते बरोबर आहे, तिथली चौकशी पोलिसांनाच करू द्या. सोशल मीडियावर तिचा फोटो फिरवणंही याच कारणासाठी मला आत्ता पटत नाही, तो लपलेल्या बाईचा माग नको त्या माणसाला देऊ शकतो. फोटो पोलिसांमार्फत जाऊ दे. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर बेपत्ता व्यक्तींची आणि अनोळखी मृतदेहांची माहिती असते. दुसरी यादी बघायची वेळ आली तर एकटीने, रात्री, मोबाइलवर बघू नका.

ज्या बायका घर सोडायच्या विचारात हे वाचताय त्यांनी निघायच्या आधी किंवा निघाल्या निघाल्या जवळच्या ठाण्याला आणि एसपी ऑफिसला एक ईमेल टाका. मी अमुक, मारहाणीमुळे स्वतःच्या इच्छेने घर सोडतेय, नवऱ्याने मिसिंग दिली तर माझा पत्ता त्याला देऊ नये. त्याची कॉपी माहेरच्या किंवा बाहेरच्या एका माणसाकडे. आणि त्या माणसाशी एक खूण ठरवून ठेवा, मी सुखरूप असेन तर मेसेज अमुकच पद्धतीने येईल, नाहीतर समजा की मी पाठवलेला नाही. तुमच्या वहिनीने हे ठरवलं नव्हतं तरी तिच्या व्हॉइस नोटच्या सवयीने तेच काम केलंय. १८१ या महिला हेल्पलाइनवर सल्ला आणि निवाऱ्याची माहिती मिळते. शेजारच्या घरात मारहाण चाललीये हे कळणाऱ्यांनीही, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम ४ आहे, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कसली जबाबदारी येत नाही. मार खाणारी बाई घरात आहे तोवरच हे कलम सगळ्यात उपयोगी, नंतर मिसिंग रजिस्टर आहेच.

राहिली आई. तिचं म्हणणं मला खोटं वाटत नाही, माहेर तुटेल, काही काळ नक्की तुटेल. त्या घरात तिलाही राहायचंय, मुलाच्या जिवावर राहायचंय, आणि भिंतीपलीकडचं इतकी वर्षं तिने ऐकलंच असणार. तिला आत्ता पटवत बसू नका, तुझ्या मुलाविरुद्ध बोलते असंही सांगू नका. जबाब देऊन झाल्यावर सांगा, मला विचारलं आणि मी जे माहीत होतं ते सांगितलं. पोलिस तिचाही जबाब घेतील, तोही घरीच, आणि ती काय बोलते ते तिच्यावर. तिच्या वाटचं खरं तुम्ही बोलू शकत नाही.

आणि वहिनी सापडली, ठणठणीत सापडली आणि तिने तुमच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं, तर? तुम्हाला मारहाण माहीत होती, तुम्ही फोटो बघितला होता, तरीही तुम्ही त्याची बहीण आहात, म्हणजे तिच्या डोक्यात तुम्ही कुठल्या बाजूला आहात हे तिने अजून ठरवलं नसेल. तेव्हा मी तुझ्यासाठी जबाब दिला वगैरे निरोप पाठवू नका. पोलिसांमार्फत एवढंच कळवा की पिल्लूच्या ताब्यासाठी तू कोर्टात गेलीस तर हा फोन, यातलं सगळं आणि माझी साक्ष तुझ्यासाठी आहे.

आज अर्ज लिहा, उद्या सकाळी पाठवा. फुटेजची ओळ सगळ्यात वर.